तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोनच्या जमान्यात ओढायच्या तोफा कशाला?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय लोकांनी की आता एकदाच लिहून टाकतो. शिवाजी पार्कला २६ जानेवारीची परेड बघताना, सकाळच्या ठाणे लोकलमध्ये, भाच्याच्या लग्नात जेवायला बसल्यावर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर येता-जाता. "काका, तुम्ही तोफखान्यात होतात ना, मग सांगा, युक्रेनमध्ये एवढंसं ड्रोन येऊन अख्खी तोफ उडवतंय आणि आपण अजून ट्रकच्या मागे तोफा बांधून ओढतोय, हे काय चाललंय?" काही जण खरंच समजून घ्यायला विचारतात. काही जणांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यांना फक्त माझी मान हललेली बघायची असते. ती मी हलवत नाही आणि मग म्हणतात, काका जुन्यात अडकलेत.

अडकलेलो नाहीये. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या आर्मीचे जनरल जेम्स रेनी जाहीरपणे म्हणाले की ओढायच्या तोफांचे दिवस संपले, ते मीही वाचलंय. कारणही कळतं. गोळा हवेत असतानाच समोरचा रडार त्याचा मार्ग पकडून तोफ कुठे आहे ते काढतो, आपल्याकडे स्वाती रडार हेच काम करतो. म्हणजे फायर केल्यावर जागा सोडायला हातात मोजकी मिनिटं. ओढायच्या गनला तेवढ्यात ट्रेल, म्हणजे जमिनीवर टेकलेले मागचे लांब दांडे, उचला, गाडी मागे घ्या, हूक लावा, निघा. आणि वर ड्रोन घिरट्या घालतंय. गाडीवरच बसवलेली गन, फ्रेंचांची सीझर घ्या, ती फायर करून लगेच सुटते. हे सगळं मान्य आहे मला.

पण सीझर रस्त्यावरून जाते हो. मी जिथे नोकरी केली तिथे रस्ता संपतो आणि पलटण त्याच्या पुढे बसलेली असते.

एक प्रसंग सांगतो. घरी आजवर धड सांगितलेला नाही. जागा, युनिट, नाव काही लिहिणार नाही. पूर्वेकडचा डोंगर, पावसाळा नुकता ओसरत होता. आमच्याकडे लाइट फील्ड गन, नळीचं तोंड १०५ एमएम, मारा १७ किलोमीटरच्या आसपास आणि वजन साधारण २,४०० किलो. कागदावर ही हलकी तोफ आणि इंडियन फील्ड गनच्या शेजारी ती खरंच हलकी आहे, त्या इंडियन गनचं वजन साडेतीन टनाच्या आसपास. वरच्या पोझिशनला गन न्यायची होती आणि शेवटच्या वळणावर दरड आलेली. गाडी तिथून वर जाईना. हुकूम होता गन संध्याकाळच्या आत वर पाहिजे, आणि हुकूम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही, कारण पुढच्या धारेवर आपलीच पोरं बसली होती आणि त्यांना दुसरा कुठलाच फायर सपोर्ट मिळत नव्हता. गाडी सोडली, ड्रॅग रोप लावले, दोन डिटॅचमेंटची, म्हणजे दोन गनवरची, माणसं दोराला. मसजिद बंदरला चढावर भरलेली हातगाडी ओढताना बघितलीय ना, मागून एक जण चाकाला दगड लावत येतो, तसं आमचा एक पोरगा चाकाखाली लाकडी गुटका सरकवत चालला होता. सांगोल्याकडचा, लग्न ठरलेला.

वळणाच्या पोटात डाव्या चाकाखालची माती गेली. आवाज नाही काही नाही, नुसती गेली. गन मागे आली आणि फिरली, ट्रेल आडवा आला आणि त्याचा पाय गुडघ्याच्या खाली ट्रेल आणि खडकाच्या मध्ये सापडला. आता बघा, आम्ही एवढी माणसं तिथे, तो आमच्यापासून चार हातावर ओरडतोय आणि कोणालाच त्याच्याकडे जाता येत नाही, कारण दोर सोडला तर गन पूर्ण खाली जाणार, त्याच्या अंगावरून. नंबर वन, म्हणजे गनचा प्रमुख, एकच ओरडत होता, छोडना नहीं, छोडना नहीं. तळहात सोलून निघाले. शेवटी मागच्या दोघांनी दगड लोटले, चाक अडकलं, मग त्याला ओढून काढला. ढग एवढे खाली की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. स्ट्रेचरवर रस्त्यापर्यंत खाली नेला. पाय गेला.

आणि गन? गन त्याच संध्याकाळी वर नेली. त्याच दोरांनी.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपली. वर पोचल्यावर धुकं. मी टेक्निकल असिस्टंट होतो, गनला दिशा देण्याचा हिशेब माझ्याकडे. जुन्या पद्धतीत डायरेक्टर, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावायचा, उत्तर दिशा पक्की करायची, एमिंग पोस्ट, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे खांब, रोवायचे, गनवरच्या डायल साइटच्या दुर्बिणीने ते बघायचे, मग प्रत्येक गन एका रेषेत. धुक्यात दिसतंय काय? रात्रभर गन तिथे होती आणि आम्ही तिची दिशा छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. त्या रात्री धारेवरून फायर मागितला नाही कोणी. मागितला असता तर काय, हा विचार मी कधी शेवटपर्यंत नेत नाही.

म्हणून म्हणतो, मॉडर्न म्हटलं की लोक रेंज विचारतात तेव्हा मला राग येतो. आपली एटॅग्स, देशात बनलेली १५५ एमएमची ओढायची तोफ, ४८ किलोमीटर मारते, अभिमान आहेच, देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेल्या कुठल्या माणसाला नसेल. मार्च २०२५ मध्ये ३०७ गनचा करारही झाला. पण तिचं वजन १८ टनाच्या आसपास आहे, ती त्या वळणावर जाणारच नाही आणि तिने जावं अशी अपेक्षाही नाही. हलक्या फौजेचं दुखणं वेगळं आहे. तिला हवंय की गन स्वतःच सांगेल मी कुठे आहे आणि कुठे तोंड करून आहे, धुकं असो, रात्र असो. ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. ब्रिटिशांनी त्यांच्या १०५ एमएम लाइट गनला अशी इनर्शियल सिस्टिम केव्हाच बसवली, अमेरिकेने २०१३ पासून त्यांच्या १०५ एमएमच्या एम११९ए३ ला दिली. बॅरल तेच, गोळा तोच, पण आल्या आल्या काही मिनिटांत फायरला तयार आणि निघायच्या वेळी एमिंग पोस्ट गोळा करत बसायला नको. शिवाय गना एकमेकींपासून लांब लांब ठेवता येतात, सगळ्या एका रेषेत मांडायची गरज नाही. ड्रोनच्या जमान्यात याचं मोल किती ते तुम्हीच बघा.

दुसरं वजन. एम७७७ या ओढायच्या तोफेत टायटॅनियम वापरलं म्हणून १५५ एमएमची गन ४.२ टनात बसली आणि चिनूक हेलिकॉप्टरला खाली लटकून जायला लागली. आपण २०१६ मध्ये अशा १४५ घेतल्या. फॉकलंडला १९८२ मध्ये ब्रिटिशांच्या ३० लाइट गन अशाच हेलिकॉप्टरने हलवल्या, तिथे रस्ते नव्हतेच. आणि आपल्या तोफखान्याचा तर वाढदिवसच २८ सप्टेंबर, कारण १८२७ मध्ये त्या दिवशी जी तुकडी उभी राहिली ती आजची ५ बॉम्बे माउंटन बॅटरी. मुंबईचं नाव आहे तिच्यात, परेड बघायला येणाऱ्यांपैकी किती जणांना माहितीये? खेचरांवर तोफेचे तुकडे लादून डोंगर चढणाऱ्या बॅटऱ्यांचा वारसा आहे आपला.

कारगिलनंतर मीच म्हणायचो, १०५ भंगारात काढा, सगळीकडे १५५ द्या, बोफोर्सने काय काम केलं बघा. त्या माणसाशी माझं आजही भांडण होतं. १०५ चा गोळा १६ किलोच्या आसपास, १५५ चा ४५ च्या आसपास. मार जास्त, खरंय. पण गन हेलिकॉप्टरने एकदा वर ठेवली की भागत नाही, गोळे रोज वर न्यावे लागतात, कधी खेचरावर, कधी माणसाच्या पाठीवर. तो जुना मी म्हणतो, कमी गोळ्यांत काम होईल. कदाचित. बंकर असेल तर त्याचंच बरोबर. रात्रभर शत्रूचं डोकं खाली ठेवायचं असेल तर माझं.

छोटी मोटर बसवा, गन स्वतः सरकेल, हेही म्हणतात. बोफोर्सला होती, आणि त्या दिवशी वळणावर असती तर, असं मलाही वाटतं. पण मोटर म्हणजे वजन, आणि वजनानेच तर पाय गेला. कमी रिकॉइलची, म्हणजे फायर करताना मागे कमी धक्का देणारी, १०५ छोट्या गाडीवर चढवलेली मी प्रदर्शनात पाहिलीये, मन हरखलं. पण दरड तिलाही अडवणारच.

ड्रोनवर जाळी लावू, झाडात लपवू, गनला स्वतःचं इंजिन नसतं म्हणून ती गरम दिसत नाही, हे सगळं मी सांगतो. फायर केल्यावर बॅरल गरम होतं, हे समोरच्याने विचारलं की उत्तर अर्धंच उरतं.

तो सांगोल्याचा पोरगा आता चाळिशी ओलांडलेला आहे, खताचं दुकान चालवतो. फोन करतो मी त्याला. तो ठाम आहे, तुमच्या सगळ्यांपेक्षा ठाम. "साहेब, गाडीवर चढवा गन, नाहीतर नेऊच नका." मी म्हणतो, गाडी तिथे चढत नव्हती रे, तू स्वतः बघितलंस. तो म्हणतो, "मग आधी रस्ता करा." मी म्हणतो, तोवर धारेवरच्या पोरांचं काय? तिथे तो दरवेळी गप्प होतो, पण कबूल करत नाही. आणि मी त्याला कबूल करायला लावतही नाही, कारण तो जे मागतोय ते मागायचा हक्क माझ्याहून त्याचा जास्त आहे. मग विषय पावसावर जातो. पुढच्या फोनला पुन्हा तोच काढतो.