नागपूरच्या उन्हाळ्यात घरचा फाईल सर्व्हर

घरी फाईल सर्व्हर (घरच्या सगळ्यांच्या फाईली एका जागी ठेवणारं, कायम चालू असलेलं मशीन) लावायचा म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअर विचारतात, पण नागपुरात पहिला प्रश्न हा की तो ठेवायचा कुठे. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० डिग्रीच्या आसपास असते, म्हणजे बंद खोलीत भर दुपारी डिस्क चालून राहिली तर वाव किती उरतो बघा. म्हणून माळ्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला नको, टीव्हीखालच्या बंद कपाटात तर अजिबात नको. कूलरच्या झोतासमोर पण नको, हवा थंड असते पण तिच्यासोबत पाण्याचे तुषार येतात आणि बोअरचं पाणी असलं तर क्षारही येतात. आमच्याकडे आतल्या खोलीत खालच्या उघड्या रॅकवर आहे, वर पंखा, बस.

मशीन म्हणून मी जुना लॅपटॉपच सांगेन. जुना डेस्कटॉप नुसता बसून ३५ वॅट खाल्ला तरी महिन्याला २५ युनिट होतात, लॅपटॉप १० वॅटवर असला तर ७ च्या आसपास, आणि उन्हाळी वादळात लाईट गेली तर त्याची बॅटरीच यूपीएस. फक्त बॅटरी कायम १०० टक्के चार्ज ठेवू नका, गर्मीत फुगते, सेटिंगमध्ये ८० ची लिमिट असेल तर लावून टाका.

त्यावर डेबियन (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम), सांबा (घरातल्या बाकी कॉम्प्युटरवर सर्व्हरचे फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर), आणि जोडायला वायफाय नको, लॅनची वायर. राऊटरचा पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) आहे का ते बघा, १०० एमबीपीएसचा असला तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर कॉपी जातच नाही आणि मग लोक डिस्कला दोष देत बसतात. बाहेरून फाईल पाहायच्या तर वायरगार्ड किंवा टेलस्केल (घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित खाजगी रस्ता देणारे व्हीपीएन) वापरा, सांबा ज्यावर चालतो तो ४४५ नंबरचा पोर्ट इंटरनेटवर उघडायचा नाही म्हणजे नाही, २०१७ मध्ये फाईली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस याच रस्त्याने पसरला.

आता खरं महत्त्वाचं. दोन डिस्कचं रेड (दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडी) लावलं म्हणजे बॅकअप झाला असं खूप जण समजतात, पण एका डिस्कवरची फाईल डिलीट झाली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते. बॅकअप म्हणजे वेगळी डिस्क. रात्री आरसिंक (एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करणारा प्रोग्राम) लावताना त्यात डिलीटचा पर्याय असेल तर स्क्रिप्टमध्ये आधी हे तपासा की मूळ डिस्क माउंट, म्हणजे सिस्टीमला जोडलेली, आहे का, कारण ती निसटली असली तर आरसिंकला फोल्डर रिकामं दिसतं आणि तो बॅकअपही इमानदारीने रिकामा करतो! स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या) रिपोर्टमध्ये तापमानासोबत ५ आणि १९७ नंबरचे, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित जागांचे, आकडे बघत जा, शून्याच्या वर जाऊन वाढत राहिले तर वाट न पाहता नवी डिस्क घ्या.

आमच्या सर्व्हरवर आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो आहेत, काटोलच्या शेताचे सातबारे आहेत, आजोबांच्या आवाजाच्या रेकॉर्डिंग आहेत, हे सगळं दुकानात परत मिळत नाही. त्यामुळे एक कॉपी ताईकडे वर्ध्याला असते, पोळ्याला नी होळीला भेट झाली की डिस्क अदलाबदल करतो, आणि तिथंच दोनचार फोल्डर तिच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहतो. डिस्क एन्क्रिप्टेड आहे, पासवर्ड मात्र कागदावर लिहून ताईच्या कपाटात ठेवलाय, कारण उद्या मी नसलो तरी आईला ते फोटो उघडता आले पाहिजेत.