गार लागलेला हीटसिंक

जुलैतली दुपार, बाहेर पावसाची झड. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा कॉम्प्युटरचं कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात आला. "काका, मदरबोर्ड गेलाय बहुतेक. चालू केला की थोड्या वेळात बंद पडतो. कूलिंग तर मस्त आहे, हात लावून बघा."

हात लावला. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, खरंच गार होता, खोलीतल्या हवेपेक्षाही. तिथेच मी चमकलो. चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक कोमट लागला पाहिजे. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंग स्क्रीनवर, पाहिलं, प्रोसेसरचं तापमान 90 अंशांच्या पुढे सरकत होतं. लगेच बटण बंद केलं.

त्याने प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये पेल्टियर प्लेट घातली होती (वीज दिली की हिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते), 12706 नंबरची: 40 मिलिमीटर चौरस, आत बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या 127 जोड्या. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, सगळं बरोबर. प्लेट मात्र उलटी. थंड बाजू हीटसिंकला आणि गरम बाजू प्रोसेसरला. बिचारा प्रोसेसर स्वतःच्या उष्णतेबरोबर प्लेटचीही झेलत होता.

प्लेट सोडवून पुसली आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल लावून त्याच्या बोटांत दिली. काही क्षणांत एक बाजू गार पडली. वायरी अदलाबदल केल्या, तर तीच बाजू गरम. त्याचा चेहरा पाहून मला लेंझ या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगावीशी वाटली. 1838 साली त्याने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून तोच थेंब वितळवला होता. (ही चाचणी सेलवरच करावी. हीटसिंकशिवाय 12 व्होल्ट दिले तर आतलं सोल्डरिंग काही सेकंदांत जाऊ शकतं.)

"मग वायरीच उलट्या करू?" तो म्हणाला. काम होईल, पण मला ते पटत नाही. पुढे दुसरा कोणी कॅबिनेट उघडेल तेव्हा लाल वायर प्लसलाच दिसली पाहिजे. शिवाय या प्लेटच्या वायरी गरम बाजूच्या सिरॅमिकवर सोल्डर केलेल्या असतात. प्लेट नीट बसवली की त्या हीटसिंककडे राहतात, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटपासून लांब.

प्लेट पालटली, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट (उष्णता नीट पुढे नेणारा लेप) पातळ लावली. हीटसिंक तापू लागला, बायोसमधला आकडा उतरला. त्याला हायसं वाटलं, मला नाही. त्याचा प्रोसेसर 65 वॅटचा. ही प्लेट जेमतेम पन्नास-साठ वॅट उष्णता ओढते, तेही दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना. वर स्वतःचे पन्नासेक वॅट घालते, म्हणजे हीटसिंकवर 115 वॅटचा भार. प्रोसेसरला पूर्ण लोड, म्हणजे जास्तीत जास्त काम, दिला आणि तापमानाचा आकडा चढत गेला, साध्या कूलरवर जातो त्याहून वर.

लोड काढून त्याला आकडा उतरताना दाखवत होतो, तेव्हा टॉर्चच्या उजेडात प्लेटच्या कडेला काहीतरी चमकलं. दव. पावसाळी हवेत थंड बाजू दव धरण्याच्या तापमानाखाली गेली होती, एक थेंब सॉकेटच्या दिशेने ओघळत होता. मी हात लांब करून सरळ प्लगच उपटला.

संध्याकाळपर्यंत बोर्ड वाळवला, साधा कूलर बसवला. मशीन रात्री आठपर्यंत लोडवर चाललं, एकदाही बंद पडलं नाही. प्लेट तो घेऊन गेला. जाण्याआधी थंड बाजूवर त्याने मार्करने निळा ठिपका काढला.