तुम्ही विचारलंत म्हणून : मग क्लच कोण दाबायचं?

माझ्या गॅरेजमध्ये बिल शिंडलर या जुन्या अमेरिकन रेस ड्रायव्हरचा फोटो लावलाय. इवल्याशा रेसगाडीत बसलेला आहे, त्यामुळे पाय काही दिसत नाहीत. डावा पाय नव्हता, हे मीच सांगतो आणि प्रश्न ओढवून घेतो : "मग क्लच कोण दाबायचं?"

कुणीच नाही. त्या गाडीला क्लचचं पेडल नसायचंच.

या मिजेट गाड्या. १९३३ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला त्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि बघता बघता अमेरिकाभर त्यांचं पेव फुटलं. जेमतेम एक माणूस मावेल एवढी गाडी, चाकं उघडी, मातीचा छोटासा ट्रॅक. सेल्फ नाही, गिअर बदलायची भानगड नाही. हाताच्या दांड्याने गिअर टाकायचा, मागून दुसऱ्या गाडीने ढकलायचं, ऑइल प्रेशर चढलं की मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, स्विच ऑन. ब्रेकचा दांडाही तेव्हा बऱ्याच गाड्यांत हाताशीच. उरला ॲक्सिलरेटर, आणि तो उजव्या पायाचा!

पण म्हणून सोपं होतं म्हणाल तर तसं नाही. मिजेट डावीकडे वळते ती मागची चाकं घसरवत, स्टिअरिंग उलटं उजवीकडे कापून. गाडी किती घसरू द्यायची हे ॲक्सिलरेटरवर ठरतं. जरा जास्त दिलात की गरकन फिरलीच. बाकीचे ड्रायव्हर दोन्ही पाय रोवून अंग सावरायचे, शिंडलरला एकाच पायावर भागवावं लागे.

पाय गेला तो १९३६ मध्ये, लाँग आयलंडवरच्या मिनिओलाला, शर्यतीतल्याच अपघातात. तो पुन्हा मिजेटमध्ये बसला आणि युद्धानंतर तर एकेका हंगामात पन्नासहून जास्त मुख्य शर्यती जिंकू लागला. हे ऐकलं की लोक लगेच "काय ही जिद्द!" म्हणतात. जिद्द होतीच हो, पण जिद्दीने फार तर एखादी शर्यत निघते. पन्नास निघायला हात लागतो.

पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही तो तीनदा धावला : १९५०, ५१ आणि ५२. जिंकला नाही. पण १९५२ला दोनशेच्या दोनशे फेऱ्या पुऱ्या करून चौदावा आला. त्याच दिवशी बिल वुकोविच, तोही मिजेटमधूनच वर आलेला, शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत पुढे होता. त्याचं स्टिअरिंग तुटलं आणि तो सतरावा ठरला. शिंडलरला मात्र पुढचं इंडियानापोलिस लाभलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या मातीवर, स्प्रिंट कारच्या, म्हणजे मिजेटहून मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत, अपघात होऊन तो गेला.