संगणकाने दिलेला डोस आयसीयूत का नाकारला जातो?

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस हॉस्पिटलमध्ये 1960 च्या दशकापासून संगणक उपचारांच्या कामात आहे. तरी इकडच्या आयसीयूत संगणक म्हणेल तेच होतं, हा नाशिककडच्या मंडळींचा समज खरा नाही. त्याची सूचना नाकारता येते, आणि कधीकधी नाकारावीच लागते.

इन्सुलिनचंच घ्या. 50 मिलि सलाइनमध्ये 50 युनिट, म्हणजे 1 मिलिला 1 युनिट. दर तासाला साखर तपासायची, संगणक पंपाचा नवा वेग सांगतो. समजा साखर 210 आली आणि त्याने तासाला 4 चे 5 युनिट करायला सांगितले. पण सीटी स्कॅनला न्यायचं म्हणून राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड मघाशीच बंद केलंय आणि त्याची नोंद व्हायचीय. सिस्टर वेग वाढवत नाहीत. योग्यच करतात, नाहीतर दोन तासांत साखर कोसळेल. ही भीती पोकळ नाही: 2009 च्या नाइस-शुगर चाचणीत साखर 81 ते 108 मध्ये ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, 180 पर्यंत चालवून घेतलेल्या गटात कमी.

दुसरं कारण नमुन्याचं. आर्टेरियल लाइन म्हणजे धमनीतली नळी, जिच्यातून नमुना घेतात; ती धुवायच्या फ्लशला चुकून डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची, पिशवी लागली, तर साखर खोटीच वाढलेली दिसते. शॉकमध्ये (रक्तदाब फार घसरलेला असताना) तो वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असेल तर बोटाच्या थेंबावरही भरवसा नको. अशा वेळी आधी पिशवीचं लेबल वाचायचं, लाइनमधलं सुरुवातीचं रक्त बाजूला काढून एबीजी (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या) मशिनवर नमुना पुन्हा लावायचा. पोटॅशियम 3.5 च्या खाली असेल तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, कारण इन्सुलिन ते आणखी उतरवतं.

व्हेंटिलेटरच्या बाबतीत मात्र माझं मत उलट आहे: तिथे ठरलेला आकडा सहसा मोडू नये. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं सुजून निकामी होतात त्या आजारात) दर श्वासाला किलोमागे 6 मिलि हवा, आणि किलो उंचीवरून काढलेले. 170 सेंमी उंचीच्या पुरुषाचे 66 किलो, म्हणजे साधारण 400 मिलि, मग तो प्रत्यक्षात 90 किलोचा का असेना. कार्बन डायऑक्साइड वाढला की 500 करायचा मोह होतो. तिथे आधी श्वासांचा दर वाढवावा. 2000 सालच्या चाचणीत 12 मिलिच्या गटात सुमारे 40 टक्के दगावले, 6 च्या गटात 31. आणि उंची टेपने मोजा, नजरेने नको.

नाशिकच्या मुंबई नाका, द्वारका भागातल्या ज्या आयसीयूत अजून कागदी चार्ट आहे, तिथेही साखरेच्या रकान्याशेजारी दोन रकाने आखता येतील: फीड कधी थांबवलं, आणि डोस का बदलला. 'सीटीसाठी फीड बंद' हे कारण आठवड्यात चारदा दिसलं, तर रुग्ण हलवण्याच्या चेकलिस्टमध्येच इन्सुलिनची ओळ घाला.