ओळखीची खूण

पासपोर्टच्या किंवा वाहन परवान्याच्या अर्जात शरीरावरील ओळखीच्या खुणेसाठी एक रकाना असतो. नाव, जन्मतारीख आणि पत्ता माणूस न अडखळता लिहितो, पण या रकान्यापाशी आला की लेखणी थांबते आणि तो बाही वर सारून स्वतःच्याच दंडाकडे परक्यासारखा पाहू लागतो. बहुतेकांची सुटका गालावरच्या किंवा मानेवरच्या एखाद्या तिळावर होते. त्यातल्या त्यात भाग्यवानांजवळ भुवईवरचा, गुडघ्यावरचा किंवा कोपरावरचा लहानपणीचा वण असतो. खिडकीपलीकडचा कर्मचारी तो वण कधी तपासून पाहत नाही. दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळे आधारसाठी घेतली जात असताना तिळाला विचारतो कोण? तरीही या रकान्याबद्दल मला जिव्हाळा आहे. बाकीचे रकाने आपण कोण हे विचारतात. आपल्याला काय झाले होते, हे विचारणारा हा एकच.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या सायलॉन जमातीला हा रकाना कधीच भरता आला नसता. १९७८ साली या नावाची मालिका पहिल्यांदा आली, तेव्हाचे सायलॉन धातूचे यंत्रमानव होते. २००३ ते २००९ या काळात रोनाल्ड मूर यांनी ती नव्याने रचली आणि त्यांच्या सायलॉनांना हाडामांसाचे देह दिले. माणसांनी घडवलेली यंत्रे बंड करतात, युद्धानंतर चाळीस वर्षे कुठेतरी नाहीशी होतात आणि परततात ती माणसांचीच रूपे घेऊन, बारा वसाहतींवर अणुबॉम्ब टाकायला. वाचतात ती जेमतेम ५० हजार माणसे, काही जहाजांत दाटीवाटीने बसून पळत राहणारी. मानवी रूपातल्या सायलॉनांचे नमुने एकूण १२ आहेत. त्यांपैकी सात नमुन्यांच्या असंख्य प्रती आहेत, त्यामुळे सहा क्रमांकाच्या दहा बायका एका दालनात उभ्या राहिल्या तर दहांचाही चेहरा एकच असतो.

मरण त्यांना जवळजवळ नाहीच. सायलॉन मेला की त्याची जाणीव आणि सगळ्या आठवणी जवळपासच्या पुनरुज्जीवन नौकेकडे पाठवल्या जातात. तिथे दाट, धूसर द्रवाने भरलेल्या टाकीत त्याच्याच नमुन्याचा रिकामा देह तयार असतो. तो धडपडत, श्वासासाठी तडफडत जागा होतो आणि शेजारी बसलेले जातभाई त्याला शांत करतात. अट एकच, नौका टप्प्यात असली पाहिजे. टप्प्याबाहेर मेलेला सायलॉन मात्र आपल्यासारखाच कायमचा मरतो.

जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसावे तसा आत्मा देह बदलतो, हे गीतेतले वाक्य कानावरून गेल्यावाचून मराठी घरात कोणी मोठे होत नाही, त्यामुळे टाकीतला हा प्रकार आपल्याला फारसा चमत्कारिक वाटत नाही. फरक दिसतो तो नंतर. आपल्याकडचा जीव देहासोबत आठवणीही टाकून येतो, म्हणून तर मागल्या जन्मीचे देणेकरी या जन्मी ओळखू येत नाहीत आणि संसार सुरळीत चालतात. सायलॉनाला मात्र मागचे सगळे आठवते: कोणी गोळी घातली, कुठे घातली, घालताना काय बोलले. आठवत नाही ते फक्त त्याच्या कातडीला. प्रत्येक मृत्यूनंतर मन आणखी चरे पडलेले आणि देह मात्र कोरा करकरीत, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराचे टोक गाठतो तो क्रमांक एक, कॅव्हिल. माणसांनी पोटात गोळी घालून त्याला मरायला सोडून दिलेले असते. त्या जखमेवर इलाज करण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. तो एका रिकाम्या काडतुसापर्यंत सरपटत जातो आणि त्याने स्वतःची मान चिरून घेतो. नव्या देहात जागा झाल्यावर ही हकिकत तो ज्या वैतागाने सांगतो, त्या वैतागाने आपण गाडी चुकल्याचे सांगतो. ज्याला नवा देह फुकट मिळतो त्याला जखम भरून येण्याची वाट पाहणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटणार, हे ओघानेच आले. जखम भरायलाच न दिल्यामुळे वण उरण्याचा प्रश्नही येत नाही.

कॅव्हिलचा आणखी एक विनोद मालिकेत कोणी बोलून दाखवत नाही, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही. डीन स्टॉकवेल या ज्येष्ठ अभिनेत्याने रंगवलेला हा सायलॉन पहिल्यापासूनच म्हातारा आहे. त्याला घडवणाऱ्या एलेन नावाच्या सायलॉन बाईने आपल्या वडिलांच्या चेहऱ्यावरून त्याचे रूप बेतले. म्हणजे कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांभोवतीचे जाळे आणि गळ्याची सैल कातडी हे सगळे त्याला टाकीतूनच तयार मिळालेले आहे. उन्हात न वावरता रापलेला आणि काळजी न करता सुरकुतलेला हा चेहरा आहे. पुढे तो एलेनवर संतापतो तेव्हा त्याची तक्रार अशी असते की, विश्वात एवढे किरण पसरलेले असताना हे मानवी डोळे आपल्याला का दिले, आपल्याला यंत्रच का राहू दिले नाही? तक्रार बिनतोड आहे, पण मी त्याच्या जागी असतो तर दुसऱ्याच्या बापाच्या सुरकुत्यांबद्दल आधी भांडलो असतो.

आता आपल्या देहाकडे पाहिले तर तोही काही स्थिर नाही. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिन्यांत बदलतात. असे असताना चौथीत पडलेला वण चाळिशीतही जागच्या जागी कसा राहतो? तो आतल्या थरात असतो. तिथे जखम सांधताना कोलॅजनचे धागे घाईघाईने एकाच दिशेने रचले जातात, म्हणून त्या जागी केस उगवत नाहीत आणि घामही येत नाही. हे धागे कायमचे नसतात. शरीर ते सतत मोडत असते आणि पुन्हा त्याच रचनेत बांधत असते. हे काम खरोखर सतत चालू असते याचा पुरावा स्कर्व्ही या रोगाने दिला. १७४० साली निघालेल्या जॉर्ज अॅन्सन यांच्या जगप्रदक्षिणेच्या वृत्तान्तात एका खलाशाची नोंद आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा कधीच्या भरून आल्या होत्या. जहाजावर त्याला स्कर्व्ही झाला आणि पन्नासेक वर्षांनी त्या अशा उकलल्या, की जणू कधी भरल्याच नव्हत्या. कोलॅजन बांधायला क जीवनसत्त्व लागते. ते मिळेनासे झाले तशी मोडतोड चालू राहिली आणि बांधकाम तेवढे थांबले. म्हणजे वण हे एकदाच घडून गेलेले प्रकरण नव्हे. आपले शरीर तो रोज नव्याने लिहून काढते, त्यामागची गोष्ट त्याला ठाऊक नसतानाही.

गोष्ट ठाऊक असण्याचे म्हणाल तर ती आपल्यालाही नसते. माझ्या हनुवटीखाली एक आडवा वण आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी ओट्यावरून पडलो, कारण काकाचे लक्ष नव्हते. काकाच्या म्हणण्याप्रमाणे मी झोपाळ्यावरून पडलो, आणि तेव्हा आईचे लक्ष नव्हते. दोघेही शपथेवर सांगतात. मला स्वतःला यातले काहीच आठवत नाही, पण हनुवटी मात्र इतकी वर्षे दोन्ही पक्षांचा युक्तिवाद निमूटपणे ऐकत पुरावा सांभाळून बसली आहे. टाकीतून बाहेर आलेल्या सायलॉनाचे नेमके उलट असते: साक्ष पक्की, तारीखवार, एकही शब्द न विसरणारी, आणि पुरावा शून्य.

काही वण तर एकट्याचे नसतातच. डाव्या दंडावरची बीसीजीची खूण अख्ख्या पिढ्यांच्या अंगावर आहे. ज्यांच्या हातावर देवीच्या लशीचे गोल चट्टेही आहेत, त्यांच्या वयाचा अंदाज न विचारता येतो, कारण १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि नंतर ती लस बंद पडली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी तर खूण पडण्याची वाटही पाहिली नाही, ती हौसेने पाडून घेतली. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन असे गोंदण करून घेताना सुयांची वेदना सोसायची, ती एका समजुतीच्या बळावर. मेल्यावर सोनेनाणे सगळे अंगावरून उतरवून घेतात, पण गोंदण कोणाला उतरवता येत नाही. बाईबरोबर वर जाते ते तेवढेच. पूर्वेकडे ब्रह्मदेशात आणि थायलंडमध्ये याहून पुढची रीत आढळते. मेलेल्या आप्ताच्या अंगावर काजळीचे बोट ओढतात आणि पुढे घरात मूल जन्मले की त्याच जागी जन्मखूण आहे का ते शोधतात. पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला आठवण पलीकडे न्यायची असते असे आपल्याला उगाच वाटते. प्रत्यक्षात त्याने जी तजवीज केली, ती कातडीवरची खूण पलीकडे नेण्याची आहे. आपले माणूस परत आले तर त्याला आपण आठवू की नाही कोण जाणे, पण आपल्याला ते ओळखता आले पाहिजे, एवढा व्यवहारीपणा त्यात आहे.

हा व्यवहारीपणा सायलॉनांना घडवणाऱ्यांजवळ नव्हता. अपवाद म्हणावा असा एकच गडी मालिकेत आहे, तो कर्नल टाय. आपण सायलॉन आहोत हे त्याला कित्येक वर्षे माहीत नसते, त्यामुळे तो बिचारा माणसासारखा म्हातारा होतो, दारू पितो आणि सायलॉनांच्याच कोठडीत एक डोळा गमावतो. कॅव्हिलला घडवणारी एलेन ही त्याची बायको. त्याला सोडवण्यासाठी ती शत्रूला बातम्या पुरवते आणि ते कळल्यावर तो तिला स्वतःच्या हाताने विषाचा पेला देतो. वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर ती परत येते, हसरी आणि तजेलदार, जणू माहेरी जाऊन आली आहे. त्याच्या डोळ्याची खोबण झाकलेलीच आहे आणि तिच्या अंगावर विषाचे नावनिशाण नाही. मधल्या काळातल्या त्याच्या उचापतींवरून दोघांचे जे भांडण होते ते वेगळेच. पण समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पाहताना नवरा-बायकोच्या सामाईक भूतकाळाचा सगळा भार एकट्या नवऱ्याच्याच अंगावर पडल्यासारखे दिसते.

मात्र खुणेवाचून खरी फसगत होते ती हेलोची. हेलो हा माणूस, गॅलॅक्टिका या माणसांच्या युद्धनौकेवरचा अधिकारी, आणि त्याची बायको अथीना ही आठव्या क्रमांकाची सायलॉन. तिने आपल्या जमातीला सोडून माणसांची बाजू घेतली आहे. त्यांची मुलगी हेरा सायलॉनांच्या ताब्यात असल्याचे कळते तेव्हा तिथवर पोहोचायचा मार्ग एकच उरतो. अथीना नवऱ्याला आपल्यावर गोळी झाडायला सांगते. तो रडत झाडतो, ती शत्रूच्या नौकेवरच्या टाकीत जागी होते आणि तिथून मुलीला घेऊन परतते. या प्रसंगाचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच आहे. पण त्या गोळीची एक किंमत तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या देहाने हेराला पोटात वाहिले तो देह त्या गोळीने संपला. परत आली ती अथीनाच, तिच्या सर्व आठवणींसह, पण हा देह कधी बाळंत झालेला नव्हता. पोटावरचे गरोदरपणाचे वळ आणि वापराने पडलेले बारीकसारीक घट्टे, जे नवऱ्याला अंधारातही माहीत असतात, ते सगळे त्या पहिल्या देहाबरोबर गेले. आठव्या क्रमांकाच्या बाकीच्या प्रतींपासून तिला वेगळे काढील असे तिच्या अंगावर काहीच उरले नाही.

ती किंमत वसूल होते २००९ सालच्या शेवटच्या पर्वात. बूमर ही त्याच क्रमांकाची दुसरी प्रत अथीनाला मारझोड करून, बांधून कोंडते आणि तिचा वेष घेऊन हेलोसमोर येते. तो तिला जवळ घेतो. जवळच जखडून पडलेल्या अथीनाला हे सारे पाहावे लागते. बूमर त्यानंतर हेराला पळवून नेते. सत्य कळल्यावर हेलो पार कोसळतो आणि अथीना त्याच्यावर जी भडकते ती काही केल्या शांत होत नाही. मालिका पाहणाऱ्यांत यावरून दोन तट पडू शकतात. आवाज तोच, चेहरा तोच, हात तेच, मग बिचाऱ्याने ओळखायचे तरी कशावरून, असे एक तट म्हणेल. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की इतक्या वर्षांच्या सहवासानंतर बोलण्यातला एखादा हेलकावा तरी कळायला हवा होता. माझा कल पहिल्या तटाकडे आहे, जरी ही गोष्ट अथीनासमोर बोलून दाखवण्याची माझी तयारी नाही.