वडगाव, पण कुठलं?

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 138 रुपये कापलेले दिसायचे आणि मी दर महिन्याला चिडायचे. पगार 18,400, त्याचा पाऊण टक्का ईएसआयला, म्हणजे कामगार आणि त्याच्या घरच्यांच्या उपचारांसाठीच्या सरकारी विम्याला. वर कंपनी आपले सव्वातीन टक्के भरते, म्हणजे 598. दोन वर्षं हे पैसे जात होते आणि आईच्या बीपीच्या गोळ्या मात्र मी मेडिकलमधून रोखीनं आणत होते. ईएसआय म्हणजे रांगा, असं डोक्यात पक्कं बसलेलं. आपल्या गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडेसुद्धा ईएसआयवर तपासून मिळतं, त्यांना पॅनल डॉक्टर म्हणतात, हे मला आमच्या लाइनवरच्या ताईंनी डबा खाताना सांगितलं.

त्याआधी एक फजिती झाली होती. आईनं शेजारणीबरोबर जाऊन आयुष्मान कार्ड काढलं आणि पुढच्याच आठवड्यात नेहमीच्या दवाखान्यात ते टेबलावर ठेवलं. कंपाउंडर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आजी, हे अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं, तेही यादीतल्या हॉस्पिटलात. इथं फी द्यावी लागेल." 5 लाखांचं कार्ड परत पिशवीत गेलं आणि मी पाकिटातून 300 रुपये काढले. आई घरापर्यंत बोलली नाही.

पॅनल डॉक्टर शोधायला वेळ लागला नाही. घरापासून चालत दहा मिनिटांवर होते. त्यांच्या बोर्डावर खाली बारीक अक्षरात 'ईएसआय' लिहिलेलं मी तीन वर्षं पाहिलंच नव्हतं. माझं ईएसआयचं कार्ड घेऊन गेले. तिथल्या काकांनी नंबर टाकला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुमचं नाव आमच्याकडे नाही. दुसऱ्या दवाखान्याला जोडलंय."

इथून पुढचे तीन आठवडे मला अजून आठवले तरी डोकं तापतं.

कुठला दवाखाना किंवा डॉक्टर, हे ईएसआयला नाव नोंदवतानाच कंपनी भरते. म्हणून आधी एचआर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी वडगावच टाकलंय, तू वडगावलाच राहतेस ना?" राहते. त्यांनी स्क्रीनशॉटही दिला, त्यात स्वच्छ 'वडगाव' लिहिलेलं. तो घेऊन काकांकडे. काका म्हणाले, ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. अर्धा दिवस रजा टाकून शाखा कार्यालयात गेले, तर खिडकीवरच्या साहेबांनी कार्डाकडे न बघताच सांगितलं, "दुरुस्ती कंपनीकडून करून आणा." कंपनी म्हणते दुरुस्ती करण्यासारखं काही नाही, स्क्रीनशॉट बघ. मी तो स्क्रीनशॉट इतक्यांदा बघितला की स्वप्नातही वडगाव दिसायला लागलं.

दुसऱ्या खेपेला पूर्ण दिवस गेला, पगारही कापला गेला. या वेळी खिडकीवर एक बाई होत्या. मी जरा आवाज चढवूनच बोलले, खोटं कशाला सांगू. त्यांनी काही न बोलता मॉनिटर माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकानं एक ओळ दाखवली. वडगाव बुद्रुक. मी राहते वडगाव शेरीला! हे नगर रोडला, ते सिंहगड रोडला, मध्ये सगळं पुणं. एचआर मॅडमच्या स्क्रीनवर तो रकाना अरुंद, त्यामुळे 'बुद्रुक' कापला जाऊन नुसतं 'वडगाव' उरत होतं. तीन आठवडे आम्ही सगळे एका अर्ध्या शब्दावरून भांडत होतो. मॅडमनी नंतर ते बदलून दिलं. सॉरी म्हटलं नाही, पण त्या दिवशी चहा पाजला.

तर तुम्ही नवीन लागत असाल, तर नाव नोंदवतानाच मॅडमच्या शेजारी उभं राहून दवाखान्याचं पूर्ण नाव वाचा. आणि आधी त्या डॉक्टरांना जाऊन विचारा, ईएसआयचे पेशंट अजून घेताय का, आणि कुठल्या वेळेत. आमच्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळी 6 नंतर आहे, हे मला दोन चकरांनंतर कळलं.

हो, आईचं राहिलंच. कुटुंबाच्या यादीत तिचं नाव आहे का तेही बघा. आईवडिलांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला 9,000 च्या आत असेल आणि ते तुमच्यावर अवलंबून असतील, तरच ते बसतात. आईला पेन्शन वगैरे काही नाही, त्यामुळे अडलं नाही. कार्डाच्या प्रिंटवर घरच्यांचा फोटो चिकटवून कंपनीचा शिक्काही मारून घ्या. आणि नोकरी बदलली तर जुनाच विमा नंबर सांगा. तो जन्मभर एकच असतो. नव्या कंपनीनं दुसरा काढला की मागचा हिशेब जुळवत बसावं लागतं, लाइनवरच्या ताई अजून बसल्यात.

गेल्या गुरुवारी आईला घेऊन गेले. काकांनी नंबर टाकला, नाव आलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, मीठ कमी करायला सांगितलं, चिठ्ठी लिहिली. बाहेर आल्यावर आईनं हळूच विचारलं, "इंजेक्शन नाही दिलं. फुकट आहे म्हणून का गं?"