अभिनय शिकायचा म्हणजे नेमके काय करायचे?

दरवर्षी जून महिना आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा मला फोन येतो. बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागलेला असतो, अभिनय करायचा हे मनाशी पक्के झालेले असते आणि प्रश्न एकच असतो: मुंबईला कधी जाऊ? मी गेली अठरा वर्षे पुण्यात प्रायोगिक नाटक करते आहे, मधूनमधून मालिकांमध्ये आणि जाहिरातींमध्ये काम करते आणि आठवड्यातले तीन दिवस मुलांना नाटक शिकवते. या अनुभवावरून मी जे उत्तर देते ते ऐकणाऱ्याला सहसा आवडत नाही. मुंबईचा विचार करण्याआधी तीन-चार वर्षे पुण्यात मन लावून तालमी कराव्यात, आणि त्या काळात बोलण्यापेक्षा ऐकण्याचा सराव अधिक करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

ऐकणे म्हणजे काय हे मला एका परातीमुळे कळले. मी एकोणीस वर्षांची होते आणि महाविद्यालयाच्या एकांकिकेत आईची भूमिका करत होते. मुलगा भांडून घर सोडून निघालेला असतो आणि आई त्याला एवढेच विचारते, ‘जेवून जाणार आहेस ना?’ या चार शब्दांत मी तीन दिवस जगातले सगळे दुःख ओतत होते. आवाज कापत होता, डोळे भरून येत होते आणि आपण उत्तम काम करतो आहोत असे मला मनापासून वाटत होते. चौथ्या दिवशी आमच्या दिग्दर्शकाने मंडईतून पाव किलो गवार आणली, परात माझ्या पुढ्यात ठेवली आणि सांगितले, ‘शेंगा निवडत वाक्य म्हणायचे, आणि त्याचे उत्तर ऐकू येईपर्यंत हात थांबवायचा नाही.’ देठ खुडायचा, शीर ओढायची, तुकडे परातीत टाकायचे. मुलाचे काम करणाऱ्याला त्यांनी मला न कळवता वेगळीच सूचना दिली होती. प्रत्येक वेळी त्याने उत्तर बदलायचे होते. कधी तो ‘हो’ म्हणाला, कधी ‘बघतो’ म्हणाला आणि सहाव्या-सातव्या वेळी काहीच बोलला नाही. तेव्हा माझा हात अर्धवट मोडलेल्या शेंगेवर आपोआप थांबला आणि मी वर पाहिले. तालमीच्या खोलीत बसलेले सगळे गप्प झाले होते. मी त्या क्षणी दुःख दाखवायचा कोणताही प्रयत्न केलेला नव्हता. मी फक्त उत्तराची वाट पाहत होते.

नवीन नट पाठांतर करताना स्वतःची वाक्ये अधोरेखित करतो आणि समोरच्याच्या वाक्यांकडे फक्त आपली पाळी कळण्यापुरते पाहतो. मी शिकवताना याच्या उलट करायला सांगते. संहिता हातात आली की आधी समोरच्या पात्राची वाक्ये पाठ करावीत, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून आपल्या पात्राला या माणसाकडून आत्ता काय हवे आहे ते वहीत साध्या क्रियापदात लिहावे. त्याला थांबवायचे आहे, त्याच्याकडून कबुली मिळवायची आहे, त्याला हसवायचे आहे, असे काहीतरी. ‘आई दुःखी आहे’ या नोंदीचा नटाला रंगमंचावर काहीही उपयोग होत नाही. ‘आईला त्याला अजून दहा मिनिटे घरात ठेवायचे आहे’ ही नोंद मात्र लगेच हालचाल सुचवते.

आवाजाकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष जाते. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि मराठी रंगभूमी त्यातल्या वाचिकावर, म्हणजे बोलण्याच्या अभिनयावर, पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहे. असे असूनही आज माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक मुलांचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो आणि क्रियापद गिळले जाते. मराठीत क्रियापद प्रायः शेवटी येते, त्यामुळे वाक्याचा अर्थच नेमका शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने वाचन करावे. अग्रलेख वाचावा, अभंग वाचावा, जुन्या नाटकातले लांब स्वगत वाचावे आणि एका श्वासात किती शब्द सहज जातात ते पाहावे. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे आहेत, ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे आहेत, हे कानाला स्पष्ट कळले पाहिजे. मात्र शुद्धतेच्या नावाखाली स्वतःची बोली पुसून टाकू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. सोलापूरहून, बीडहून, नंदुरबारहून पुण्यात आलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी आपल्या बोलण्याची लाज वाटायला लावली जाते, आणि मला ते फार क्लेशकारक वाटते. प्रमाण मराठी आणखी एक वेष म्हणून शिकावी आणि घरची बोली जपावी. पुढे तीच बोली एखादी भूमिका मिळवून देते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत पुण्यासारखी सोय फार थोड्या शहरांत असेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात 1960 साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पडद्यावरच्या अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून, प्रवेशासाठी पदवीबरोबर आधी केलेल्या नाटकांचा अनुभवही पाहिला जातो. प्रवेश मिळाला तर अवश्य जावे. न मिळाला तर खचण्याचे कारण नाही, कारण या शहरात शिकण्याची दुसरी वाट फार जुनी आहे. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून सुरू आहे आणि पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराच्या आवारात ढोलक्या, घोषणा आणि भिजलेले नेपथ्य यांच्या गर्दीत ज्याने एक संध्याकाळ घालवली आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. स्पर्धेत बक्षीस मिळते की नाही याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. दीड-दोन महिने रोज त्याच माणसांबरोबर तोच प्रवेश पुन्हा पुन्हा करणे, कंटाळा येणे आणि कंटाळ्याच्या पलीकडे त्यात काहीतरी नवे सापडणे, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. महाविद्यालय संपल्यावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था आहेत, प्रायोगिक गट आहेत. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर प्रेक्षक इतका जवळ असतो की खोटी नजर लगेच पकडली जाते. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात तीच भूमिका करताना अंगाची, आवाजाची आणि थांब्याची मोजमापे बदलावी लागतात. दोन्ही ठिकाणी काम केलेले असावे.

कॅमेऱ्यासाठी वेगळे काही शिकावे लागते का, असे अनेक जण विचारतात. सराव निश्चित वेगळा आहे. क्लोज-अपमध्ये डोळ्यांची उगाच होणारी उघडझाप सुद्धा ठळक दिसते, ठरलेल्या खुणेवर न पाहता येऊन थांबावे लागते आणि मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण प्रवेश सलग टिपणाऱ्या चित्रणात, कोणत्या शब्दावर कप उचलला होता ते दोन तासांनी लक्षात ठेवावे लागते. घरी मोबाईल उभा करून एकच स्वगत दोनदा चित्रित करावे, एकदा शेवटच्या रांगेसाठी आणि एकदा टेबलापलीकडे बसलेल्या एका माणसासाठी. दोन्ही चित्रणे दुसऱ्या दिवशी पाहावीत, कारण त्याच दिवशी आपण स्वतःवर एकतर फार खूश असतो किंवा फार चिडलेले असतो.

आता काम मिळवण्याविषयी. हल्ली पहिली चाचणी बहुतेक वेळा सेल्फ-टेस्टने, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनने, होते. मोबाईल आडवा धरावा, भिंत साधी असावी, उजेड समोरून यावा, आवाज स्वच्छ असावा आणि समोरच्या पात्राची वाक्ये म्हणणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसलेली असावी. छायाचित्रे आपण प्रत्यक्षात दिसतो तशीच असावीत. फार सफाई केलेले छायाचित्र पाहून बोलावलेल्या नटाकडे पाहताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटते ती मी स्वतः पाहिलेली आहे. अंधेरीच्या आरामनगरात ऑडिशनसाठी जायचे झाल्यास त्या दिवशी दुसरे काहीही काम ठरवू नये. सकाळी 7.15 ची डेक्कन क्वीन धरून जाता येते, परंतु तिथे किती तास बसावे लागेल याचा नेम नसतो.

ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी किंवा भूमिका निश्चित करण्यासाठी कुणीही पैसे मागितले तर तिथून उठून यावे. माझ्या एका विद्यार्थिनीने मालिकेतल्या भूमिकेच्या आश्वासनावर एका क्लासला पंचवीस हजार रुपये दिले, त्याबदल्यात तिला एक छायाचित्रांचा अल्बम मिळाला आणि पुढे फोन उचलणे बंद झाले. ते पैसे तिच्या आईने भिशीतून उचललेले होते. हे आठवले की मला आजही संताप येतो, आणि म्हणूनच मी प्रत्येक पालकाला हे बजावून सांगते. काम मिळाल्यावर प्रत्येक दिवसाचे मानधन, शिफ्टचे तास, प्रवासखर्च आणि पैसे मिळण्याची मुदत लेखी घ्यावी. मालिकांचे पैसे अनेकदा तीन महिन्यांनी येतात. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, सहसा प्रयोगानंतर हातात पडते, परंतु नव्या नटाच्या नाइटवर घरभाडे निघत नाही.

त्यामुळे उपजीविकेचे दुसरे साधन असणे मला कमीपणाचे वाटत नाही, उलट आवश्यक वाटते. पुण्याचा इतिहास याला साक्षी आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि वयाच्या चाळिशीनंतर, 1969 मध्ये, ते पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात ज्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आणि त्यात नाना फडणवीस साकारणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ही माणसे दिवसभर रुग्ण पाहून संध्याकाळी तालमीला उभी राहत होती. मी स्वतः सात वर्षे एका लेखापालाच्या कार्यालयात अर्धवेळ काम केले. पोटाची चिंता असलेला नट ऑडिशनमध्ये घाबरलेला दिसतो, आणि ती भीती कोणत्याही तंत्राने झाकता येत नाही. संध्याकाळ मोकळी ठेवणारी नोकरी शोधावी, पगार थोडा कमी असला तरी चालेल.

यंदा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगायचे उरते की महाविद्यालयांच्या संघांत जूनच्या अखेरीस वाचने सुरू होतात. आपल्या महाविद्यालयाच्या संघाकडे जावे, महाविद्यालय संपले असेल तर एखाद्या हौशी गटाचे दार ठोठावावे. भूमिका मिळाली नाही तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्ये सांगण्याचे काम, मागून घ्यावे. हे काम कुणाला नको असते, त्यामुळे ते लगेच मिळते. प्रॉम्प्टरला महिनाभरात सगळ्यांची वाक्ये पाठ होतात, कोणता नट कुठे ऐकत नाही ते विंगेतून स्पष्ट दिसते, आणि रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कुणी तापाने आजारी पडले तर त्याच्या जागी उभे राहू शकणारा तोच एकटा असतो. माझी ती आईची भूमिका मला अशीच मिळाली होती.